माफी कोणाच्या खिशातून जाते?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना जिथे अडखळलो किंवा तेच तेच बोललो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय क्षमा आणि कृपा. हे दोन्ही शब्द आपण उपासनेत इतक्यांदा ऐकतो की ते नाण्यासारखे गुळगुळीत झालेत. हातात येतात, पण त्यावर काय छापलंय ते दिसत नाही. "क्षमा कर" असं सगळे सांगतात. पण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? डोळे मिटून बसायचं? विसरायचं? समोरच्याला मिठी मारायची? मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. बीटेक केलंय आणि पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. त्यामुळे मला जसं उमगलं तसं सांगणार आहे. आणि सुरुवात करणार आहे एका एक्सेल शीटपासून.

ती शीट

माझे बाबा नगर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. २०१४ मध्ये माझ्या आत्याच्या मुलाने, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, एका पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढलं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. पतसंस्थेला पगारदार जामीनदार हवा होता. भाचा मामाच्या दारात आला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे मामा भाच्याला नाही कसं म्हणणार? बाबांनी सही केली.

दुकान वर्षभर चाललं. मग हप्ते थकले, शटर खाली आलं आणि दादा मुंबईला निघून गेला. फोन उचलायचा बंद झाला. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला आणि बाबांच्या पगारातून कपात सुरू झाली. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना "एकशे एकची नोटीस" एवढं म्हटलं तरी पुरे. महिन्याला नऊ हजार रुपये, अठ्ठेचाळीस महिने. मुद्दल, व्याज, वसुलीचा खर्च धरून चार लाख बत्तीस हजार. बरोबर माझ्या बीटेकची चार वर्षं.

त्या चार वर्षांत मी शैक्षणिक कर्ज काढलं. आईच्या बांगड्या गहाण पडल्या. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन "पुढच्या सुट्टीत करू" म्हणत पुढे ढकललं गेलं, ते शेवटपर्यंत झालंच नाही.

सेकंड इयरला असताना मी लॅपटॉपवर एक शीट उघडली. तीन कॉलम: तारीख, कपात, व्याज. दरसाल दर शेकडा बारा टक्के, चक्रवाढ. नोकरी लागल्यावर मी ती मोबाईलवर घेतली. २०२१ मध्ये बाबा गेले. दादा मातीला आला होता, कबरस्तानात सगळ्यांच्या मागे उभा होता. प्रार्थना संपल्यावर त्याने हात पुढे केला आणि मी दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळलो. मुद्दाम. त्याच आठवड्यात एका रात्री मी ती शीट उघडून अपडेट केली. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलं नाही तर पुढचं सगळं प्रवचन होईल.

२०२३ पर्यंत खालचा आकडा साडेआठ लाखांच्या आसपास गेला होता.

आपल्या प्रार्थनेतला शब्द

प्रभूची प्रार्थना आपल्याला लहानपणापासून पाठ असते. शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडतात. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रार्थनेत क्षमेसाठी मराठीत कोणता शब्द आहे ते आठवा. पाप नाही, अपराध नाही. ऋण. आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलंय, तसं तू आम्हाला सोड, असा त्या मागण्याचा अर्थ. मूळ ग्रीकमध्येही तिथे कर्ज, देणं असाच शब्द आहे, आणि क्षमा करण्यासाठी जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ सोडून देणं, मोकळं करणं. मराठी भाषांतरकारांनी तो पैशाचा वास तसाच राहू दिला, हे आपलं नशीब म्हणायचं.

२०२३ च्या एका रविवारी मी ही प्रार्थना म्हणत होतो आणि "ऋण" शब्दाशी माझी जीभ अडकली. कारण माझ्या खिशात, त्याच क्षणी, फोनमध्ये ती शीट होती. मी देवाला रोज सांगत होतो की मी ऋण सोडलंय. आणि मी ते बारा टक्क्यांनी वाढवत होतो.

आता ऋण सोडणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला वेगळं शिकवायची गरज नाही. आपण कर्जमाफ्या पाहिल्यात. २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. शेतकऱ्याच्या खात्यावरचं कर्ज गेलं, पण ते हवेत विरलं का? नाही. सरकारने तिजोरीतून बँकांना पैसे भरले. माफी ही कधीच फुकट नसते. ज्याला मिळते त्याला फुकट असते, पण कोणाच्या तरी खिशातून ती जातेच. सरकारने नाही भरलं तर बँकेला तोटा, बँकेने नाही सोसलं तर शेतकऱ्याला. तोटा फक्त जागा बदलतो.

क्षमेचंही तसंच आहे. तुमचं कोणी नुकसान केलं, पैशाचं, नावाचं, वर्षांचं, की तो तोटा कुठेतरी उभा राहतो. वसूल करायचा, म्हणजे त्याला तेवढंच दुखवायचं. नाहीतर स्वतः सोसायचा. क्षमा म्हणजे हा दुसरा पर्याय, उघड्या डोळ्यांनी. म्हणून ती दुखते. ज्या क्षमेत काहीच दुखलं नाही, तिथे बहुतेक कर्जच नव्हतं.

सहा कोटी दिवसांची मजुरी

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात पेत्र येशूला विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्याला वाटलं असणार आपण भरपूर उदार आकडा सांगितला. येशू म्हणतो, सात नाही, सत्तराच्या सातपट. आणि मग एक दाखला सांगतो. एका राजाचा चाकर राजाला दहा हजार तालांत देणं लागत होता. फेडायला काही नव्हतं, पाया पडला, राजाला कळवळा आला, सगळं सोडलं. तो चाकर बाहेर पडतो तोच त्याला त्याचा एक सोबती भेटतो, जो याचे शंभर दिनार देणं लागत होता. हा त्याचा गळा धरतो आणि तुरुंगात टाकतो.

मी इंजिनिअर आहे, म्हणून आकडेमोड केली. दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. हे मत्तयाच्याच २० व्या अध्यायावरून कळतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे दहा हजार तालांत हे झाले सहा कोटी दिनार, सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार लिहितो की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून वर्षाला २०० तालांत महसूल मिळायचा. म्हणजे त्या चाकराचं कर्ज म्हणजे येशू ज्या मुलखात बोलत होता, त्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल. ऐकणारे हसले असतील. कोणत्या चाकराला एवढं कर्ज देतं कोणी?

आता आजच्या भाषेत आणू. मजुरी पाचशे रुपये धरा. मोठं कर्ज तीन हजार कोटी. छोटं कर्ज पन्नास हजार.

इथे एक गोष्ट मी बरीच वर्षं चुकीची ऐकत आलो. प्रवचनात सांगतात की शंभर दिनार म्हणजे क्षुल्लक रक्कम. क्षुल्लक नाही हो! हातावर पोट असणाऱ्याला पन्नास हजार म्हणजे पोरीची वर्षाची फी आहे. येशूने "दोन दिनार" म्हटलं नाही. त्याने अशी रक्कम निवडली जी खरोखर दुखते. तुमचं नुकसान काहीच नाही, असं येशू कुठेच म्हणत नाही. तो फक्त विचारतो, तू कुठून बाहेर पडून इथे आलास? दोन मिनिटांपूर्वी तुझं काय झालं होतं?

मला वाटतं त्या चाकराची चूक निर्दयपणाच्याही आधीची आहे. त्याने राजापुढे "मला मुदत द्या, सगळं फेडतो" असं म्हटलं होतं. दोन लाख वर्षांचं कर्ज फेडतो म्हणे. राजाने मुदत नाही, माफी दिली, पण याच्या डोक्यात तो अजून हप्त्यांवरच होता. म्हणून बाहेर पडल्यावर त्याने पहिलं काम वसुलीचं केलं. कृपा खात्यावर जमा झाली होती, त्याने पासबुकच उघडलं नव्हतं. मीही तसाच होतो. रविवारी चर्चला जायचो, बायबल वाचायचो, आणि मनात कुठेतरी पक्कं होतं की देवाशी माझा व्यवहार चोख आहे. ज्याचा व्यवहार चोख असतो, तो दुसऱ्याचाही चोखच मागतो.

क्षमा म्हणजे काय नाही

हा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण इथे लोकांचं खरं नुकसान होतं.

एक, क्षमा म्हणजे कायदा बाजूला ठेवणं नाही. सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या नन. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या. सावकाराच्या व्याजातून लोक सुटावेत म्हणून बचत आणि बँकेच्या कर्जाचा मार्ग दाखवायच्या. ज्यांचा धंदा त्यामुळे बसला त्यांना ते खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने पन्नासहून अधिक वार केले. त्याला जन्मठेप झाली.

राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघात नन. २००२ च्या रक्षाबंधनाला त्या तुरुंगात गेल्या आणि समंदर सिंगला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठीही साथ दिली आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. मग केरळला जाऊन तो राणी मारियांच्या आईला भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये राणी मारियांना धन्य घोषित केलं, तेव्हा तोही तिथे होता.

ही गोष्ट ऐकली की आपल्याला राखीच दिसते. मला वर्षांचे आकडे दिसतात. १९९५ ते २००२, मध्ये सात वर्षं आहेत. समंदर सिंगने अकरा वर्षं शिक्षा भोगली. क्षमा झाली म्हणून खटला रद्द झाला नाही, आणि खटला चालला म्हणून क्षमा खोटी ठरली नाही. दोन्ही आपापल्या जागी उभं राहिलं.

दोन, क्षमा म्हणजे परत मार खायला उभं राहणं नाही. नवरा मारतो आणि बाईला सांगितलं जातं, ताई, क्षमा कर, सत्तराच्या सातपट. हे चूक आहे, स्पष्ट बोलतो. येशूने ऋण सोडायला सांगितलं, नवीन ऋण होऊ द्यायला नाही. जिवाला धोका असेल तिथून आधी बाहेर पडायचं, पोलिसांत जायचं, मग क्षमेचं सुरक्षित ठिकाणी बसून, लागेल तेवढा वेळ घेऊन पाहायचं. जो पाळक किंवा वडीलधारा याच्या उलट सांगतो, तो दुसऱ्याच्या पाठीवर उदार होतोय.

तीन, क्षमा म्हणजे विसरणं नाही. आठवण डिलीट करायचं बटण माणसात नाही. मला तर आता सत्तराच्या सातपटचा अर्थ असाही वाटतो की तो माणूस चारशे नव्वद वेळा चुकेल असं नाही. त्याने एकदाच केलेलं तुम्हाला चारशे नव्वद वेळा आठवेल, आणि प्रत्येक वेळी तेच कर्ज पुन्हा सोडावं लागेल.

दादाला सांगितलं तेव्हा

त्या रविवारनंतर काही महिन्यांनी मी दादाला जाऊन भेटलो. तो परत नगरला आला होता, भाड्याचा टेम्पो चालवत होता. मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. चहा झाला, आणि मी म्हणालो, "दादा, बाबांच्या त्या पैशांचं मी सोडलं. माझ्या मनात आता काही नाही."

मला वाटलं होतं तो रडेल. तो भडकला. म्हणाला, "तुझ्याकडे माफी मागायला आलं होतं कोण? मामाचं आणि माझं होतं ते. तू कोण सोडणारा?"

मी गाडी काढून सरळ पुण्याला आलो. चाकणपर्यंत रागाने हात थरथरत होते. पण त्याचं वाक्य डोक्यातून जाईना, कारण त्यात अर्धं खरं होतं. "मी तुला क्षमा केली" या वाक्याच्या पोटात "तू गुन्हेगार आहेस" हे वाक्य असतंच. आणि मी ते त्याच्या बायको-मुलीसमोर, त्याच्याच घरात, माझ्या मोठेपणाच्या आवाजात बोललो होतो. मी कर्ज सोडायला गेलो नव्हतो. पावती घ्यायला गेलो होतो.

तेव्हा मला बाबांचं आठवलं. मी थर्ड इयरला असताना एकदा चिडून विचारलं होतं, तुम्ही दादाला काहीच कसं बोलत नाही? बाबा वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "सही करतानाच मोजलं होतं मी, बाळा." तेव्हा मला तो भोळेपणा वाटला होता. पण बाबा भोळे नव्हते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात जामीन राहू नका असं बजावलंय, ते त्यांनीच मला वाचून दाखवलं होतं. त्यांना धोका माहीत होता. भाचा बुडवू शकतो हे धरून त्यांनी सही केली होती, आणि बुडवल्यावर त्याच्याकडून आभारसुद्धा मागितले नाहीत.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. हा शब्द मी शंभरदा वाचला असेन. पण जामीन म्हणजे काय हे आमच्या घरात पगाराच्या स्लिपवर छापून यायचं. जामीनदार म्हणजे दुसऱ्याच्या कर्जावर स्वतःचं नाव लिहिणारा माणूस, ऋणी पळून गेला तरी जो पळत नाही. क्रूसाबद्दल मी जे काही समजलोय ते मला धर्मशास्त्राच्या पुस्तकातून नाही, त्या नऊ हजारांच्या कपातीतून समजलंय. आणि तीच कपात मी इतकी वर्षं द्वेषाच्या शीटमध्ये नोंदवत होतो.

आणि मग त्याने परत विचारलं

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. गेल्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. स्वतःचा सेकंडहँड टेम्पो घ्यायचा होता. फायनान्सवाल्याला जामीनदार हवा होता. पगारदार.

मी दोन दिवस घेतले. आईला विचारलं. आई म्हणाली, "तुझे बाबा असते तर केली असती त्यांनी सही. पण तू बाबा नाहीस, आणि तुझ्यावर माझं औषधपाणी आहे." मी दादाला फोन करून सांगितलं, सही करणार नाही. मुलीची या वर्षीची शाळेची फी मी भरतो, ती परत द्यायची नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

मी बरोबर केलं का? क्षमा आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मला पटलंय. क्षमा मागच्या कर्जाची असते, ती एका बाजूने देता येते. विश्वास पुढच्या कर्जाचा असतो, तो दोघांनी मिळून हळूहळू उभा करायचा असतो. जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, त्याने चौपट परत करायचं कबूल केलं ते नंतर. कृपा आधी आली, पण परतफेडीचा विषयही निघाला. हे सगळं मला मांडता येतं. तरी रात्री कधीतरी वाटतं, माझा नकार शहाणपणाचा होता की जुन्या शीटचाच एक कॉलम होता? फीचे पैसे भरताना हात थरथरले नाहीत, एवढंच मी सांगू शकतो.

ती शीट मी डिलीट केलेली नाही. व्याजाचा कॉलम काढून टाकला. कपातीच्या अठ्ठेचाळीस ओळी तशाच ठेवल्यात. फाइलचं नाव आधी "दादा" होतं, आता "बाबा" आहे. जुना राग वर आला की ती उघडतो, अठ्ठेचाळीस ओळी वाचतो आणि बंद करतो. काही आठवड्यांत तीनदा उघडावी लागते.

तुमच्याकडेही अशी एखादी शीट असेल, कागदावर नाही तर डोक्यात. या आठवड्यात एवढंच करून बघा: त्यातला फक्त व्याजाचा कॉलम काढा. मुद्दल नंतर पाहू. आणि रविवारी प्रार्थनेत "ऋण" शब्द आला की क्षणभर थांबा.

पुढच्या भागात माफी मागण्याबद्दल बोलू, कारण ते मला क्षमा करण्यापेक्षाही अवघड जातं. तोपर्यंत प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो. भेटू.